आमेन मंडळी म्हणते

जेवणाची वेळ टळून गेली आहे आणि मी पाळकनिवासाच्या मागच्या खोलीत, अजून चादरही न घातलेल्या गादीवर, आडवी झाले आहे. झोप यावी म्हणून नाही. झोपेच्या उंबऱ्यापर्यंत जावं आणि तिथं उभं राहून हाक मारावी, एवढ्यासाठी. हा माझा रोजचा उद्योग आहे. नाथा गेल्यापासून रोज दुपारी मी त्या उंबऱ्यावर जाते, त्याला हाक मारते, आणि रोज तशीच परत येते.

नाथा म्हणजे नथनेल ओहोळ, माझा नवरा. हायस्कुलात भूगोल शिकवायचा आणि रविवारी मंडळीत पेटी वाजवायचा. गेल्या उपवासकाळात तापाचं निमित्त झालं, आणि ईस्टर यायच्या आत तो गेला. आता तो सगळ्यांच्या स्वप्नात जातो. बहिणीच्या स्वप्नात जाऊन तिला नवी साडी छान दिसते म्हणून सांगून आला. आमच्या दूधवाल्याच्या स्वप्नात तर ओट्यावर बसून चहा पिऊन आला. 'सर एकदम खुशीत होते,' असं दूधवाल्यानं मला दारात उभं राहून सांगितलं. मी दूध घेतलं, दार लावलं आणि पातेलं दुधासकट मोरीत आपटलं. बायकोकडे यायला मात्र या माणसाला सवड नाही.

उद्या रविवार. उद्या माळेवाडीच्या या संत बर्णबा मंडळीची पाळक म्हणून माझी पदस्थापना आहे. आज संध्याकाळीच बिशपसाहेब पोचतील आणि उद्या सकाळी माझा हात चर्चच्या किल्लीवर ठेवून ही सगळी माणसं माझ्या हवाली करतील. माझी बॅग मात्र दाराशीच आहे. पुस्तकांची खोकी, भांड्यांचं पोतं, कापडात गुंडाळलेली नाथाची पेटी, कशाचीही दोरी मी सोडलेली नाही. माझं ठरलं आहे. बिशपसाहेबांना चहा द्यायचा, मला हे जमणार नाही म्हणून सांगायचं, आणि शेवटची एस.टी. पकडून भावाकडे निघून जायचं.

कारण एकच आहे, आणि ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. मला प्रार्थना येत नाही. म्हणजे शब्द येतात. इतकी वर्षं घोकलेले शब्द कुठं जातात? एस.टी. स्टँडवर गाड्यांची घोषणा करणाऱ्या बाईच्या आवाजात ते आपोआप बाहेर पडतात. फक्त एक शब्द येत नाही. नाथाच्या कबरीशी पाळकांनी शेवटची प्रार्थना म्हटली, सगळे 'आमेन' म्हणाले, आणि माझं तोंड उघडलंच नाही. आमेन म्हणजे तसं होवो. तसं कसं होवो? हा खड्डा, ही माती, याला मी होवो म्हणू? त्या दिवसापासून तो शब्द माझ्या तोंडी येत नाही. आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण आमच्या उपासनेत प्रार्थना पाळक करतो आणि आमेन मंडळी म्हणते. एखाद्या पाळकाला लपून राहायचं असेल तर याहून चांगली जागा नाही. पण किती दिवस लपणार? माझा जीव आता मेटाकुटीला आला आहे.

त्यात सकाळपासून इथल्या लोकांनी उच्छाद मांडला आहे. सामान उतरवून घ्यायला मंडळीचे वडीलधारे आढावमामा आले होते. पहिलाच प्रश्न, "पाळकीणबाई, साहेब मागून येतात का?" आमच्यात पाळकाच्या बायकोला पाळकीणबाई म्हणतात. बाई पाळक असू शकते हे त्यांना पत्रानं कळलेलं होतं, पण जिभेला कळलेलं नव्हतं. मी म्हटलं, "मामा, पाळक मीच. आणि साहेब आता मागून येणार नाहीत." त्यांनी कपाळावर हात मारून घेतला, चारदा माफी मागितली, आणि जाताना पुन्हा म्हणाले, "येतो, पाळकीणबाई."

जाण्यापूर्वी त्यांनी मंडळीची भांडी माझ्या ताब्यात दिली. त्यात एक जुनी पितळी तपेली होती, काठावर नाव कोरलेली. हन्नाबाई दाजी पाटोळे हिजकडून मंडळीस भेट. "या हन्नाबाई पावसाळ्यात गेल्या," मामा म्हणाले. "वर्षभर आपल्याला पाळकच नव्हता ना. तेव्हा." मी तपेली ओट्यावर पालथी घातली आणि इथं येऊन पडले.

डोळे मिटतात. वर पंखा कुरकुरत फिरतो आहे. हळूहळू तो पंख्याचा आवाज राहत नाही, पेटीच्या भात्याचा होतो. नाथाच्या पेटीच्या भात्याला एक बारीक भोक होतं. हवा भरताना तो हुंदका दिल्यासारखा आवाज करायचा. तोच आवाज. मग स्वयंपाकघरात भांडं वाजतं.

आला.

मी उठते. पाय जमिनीला लागतात की नाही ते कळत नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते, आणि माझा चेहरा पडतो, कारण फरशीवर एक म्हातारी बसली आहे. जाडं हिरवं लुगडं, नाकावर घसरलेला चष्मा. पुढ्यात ती तपेली, आणि वर्तमानपत्रावर काळ्या मनुक्यांचा ढीग. ती एकेक मनुका नखानं उकलते, बी काढते आणि मनुका तपेलीत टाकते.

"कोण?" मी विचारते.

"मी हन्ना. तपेली माझीच हाय की."

"तुम्ही तर पावसाळ्यात गेलात."

"गेले की." ती वर न बघता म्हणते. "म्हून काय रस कराया नको?"

मला रडू कोसळतं. रागाचं रडू. "मी तुम्हाला बोलावलं नव्हतं. मी रोज माझ्या नवऱ्याला बोलावते."

आता ती वर बघते. चष्म्यातून माझ्या मागं, दाराच्या पलीकडं शोधते. "पाळकसाहेब व्हय? कुठवर आलेत?"

मेलेली माणसंसुद्धा तेच विचारतात.

"पाळक मीच आहे," मी म्हणते.

ती मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळते. घाई अजिबात नाही. "बाईमानूस?"

"हो."

"बरं. मग बसा. बाईमानूस हाय तर हात लावा जरा. पुरुष पाळक काय, नुसतं दारात उभं राहून झाला का रस, झाला का रस, करायचे."

आमच्या लहान मंडळ्यांत प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून उपासनेत भाकरीबरोबर घेतात तो, द्राक्षरस दुकानातून येत नाही. शनिवारी काळे मनुके भिजवायचे, उकळायचे, कुस्करून फडक्यातून गाळायचे. प्रत्येक मंडळीत हे एका बाईचं काम असतं आणि त्या कामाचा मान ती जीव गेला तरी सोडत नाही. हन्नाबाईंनी तर शब्दशः सोडलेला नाही. मी त्यांच्यासमोर बसते. फरशी गार आहे. मनुका बोटांना चिकटतो.

"बी ऱ्हाऊ देऊ नगा. उकळली की रस कडू हुतो."

"हन्नाबाई, तिकडे कुणी नथनेल ओहोळ म्हणून भेटले का तुम्हाला?"

"तिकडं लई मानसं हायेत, पाळकीणबाई. कोन कुनाचं नाव इचारतं? काय करायचे?"

"पेटी वाजवायचे."

त्यांचा हात थांबतो. "भाता फुटकाय का त्या पेटीचा?"

"हो! हो, फुटका आहे!"

"मंग ऐकली हाय." आणि पुन्हा मनुके. जणू मी बाजारभाव विचारला होता. मला त्या म्हातारीला गदागदा हलवावंसं वाटतं. कुठं ऐकली, कधी ऐकली, तो कसा आहे, दुखतंय का त्याला अजून. ती मात्र एका किडक्या मनुक्याकडे बघून नाक मुरडते आहे.

"उद्या ह्यो रस कुनी केला नसता," ती म्हणते. "त्या आढावाच्या बायकोला वाटतं शेळक्याची सून करंल, त्या सुनेला वाटतं आढावाची बायको. आन् तिनं केला तरी पान्यावानी करंल. मला म्हाईत न्हाई व्हय." मग आवाज उतरतो. "मी मेले तवा पाळक न्हवता, बाई. मागितलं हुतं मी. भाकर आन् प्याला. शेजारच्या गावचे पाळक दुसरीकडं मयतीला गेल्याले. जलमभर रस केला मी, आन् जाताना माझ्या तोंडात थेंब पडला न्हाई."

मी हातातला मनुका खाली ठेवते.

"आता द्या."

"काय?"

"प्रभुभोजन. तुमी पाळक हाय म्हनता. द्या."

"मला नाही देता येणार." हे वाक्य मी बिशपसाहेबांसाठी राखून ठेवलं होतं, ते या बाईसमोर सांडलं. "हन्नाबाई, माझ्यापाशी काही उरलेलं नाही. मी आतून रिकामी आहे. मी नुसते शब्द म्हणते. तुम्ही दुसऱ्या कुणाकडे मागा."

"तुमच्या घरचं कुठं मागतेय मी?" त्या चिडतात. "प्रभूचं मागते. तुमाला नुसतं वाढायचं हाय. त्याला बी जड?"

अशा वेळी मी नेहमी जे करते तेच करते. उठते. दाराशी ठेवलेली बॅग उचलते आणि मागचं दार उघडून बाहेर पडते.

बाहेर एस.टी. स्टँड आहे. स्वयंपाकघराचीच शहाबादी फरशी इथवर आलेली आहे आणि फलाट होऊन पसरली आहे. ऊन पांढरं आहे, सावली कुठंच नाही. एकही गाडी उभी नाही. फलाटांवरच्या पाट्यांवर गावांची नावं नाहीत, चर्चमधल्या लाकडी फळीवर लावतात तसे गीतांचे आकडे आहेत. मी भावाच्या गावचा फलाट शोधते. या आकड्यांत भावाचं गाव कसं सापडणार? चौकशीच्या खिडकीत कुणी नाही. वर भोंगा खरखरतो आणि घोषणा सुरू होते. हे ख्रिस्ताचं शरीर, तुझ्यासाठी. हे ख्रिस्ताचं रक्त, तुझ्यासाठी. आवाज बाईचा आहे. आवाज माझा आहे. मी कानांवर हात ठेवते तरी ऐकू येतो.

बाकड्यावर हन्नाबाई मांडीवर तपेली घेऊन बसल्या आहेत. "गाडी न्हाई आज," त्या म्हणतात. "रविवार हाय."

"उद्या रविवार आहे!"

"तुमच्याकडं."

आणि मग भाता हुंदका देतो. अगदी जवळून. मी वळते. फलाटापाशी प्रवाशांनी रांग लावावी म्हणून जो लोखंडी कठडा असतो, तो आता लांबच लांब गेला आहे, आणि त्याच्याशी माणसं गुडघे टेकून बसली आहेत, वेदीपुढच्या कठड्याशी बसतात तशी. सगळ्यांचे हात पुढे, उजवा तळवा डाव्यावर. चेहरे खाली. मी रांगेवरून नजर फिरवते आणि अगदी शेवटच्या टोकाला मला एक मान दिसते. मानेवर केसांचा तो हट्टी भोवरा, जो तेल लावूनही बसायचा नाही.

"नाथा!"

मी बॅग टाकून पळते. जितकी पळते तितका कठडा लांबतो. धाप लागते, छातीत कळ येते, आणि तो तिथंच, तेवढाच दूर. शेवटी माझा पदर मागून ओढला जातो.

"आसं मधीच न्हाई जाता येत," हन्नाबाई म्हणतात. "हितून सुरू करा. पाळक पंगत सोडून एकल्यालाच वाढतो व्हय?"

"तो माझा नवरा आहे!"

"ह्ये बी कुनाचे तरी हायेत."

त्यांच्या हातात ताटली आहे. ताटलीत पोळीचे तुकडे. त्या मला ती देतात, आणि मी घेते. मला त्याच्यापर्यंत पोचायचं आहे, आणि दुसरा रस्ता नाही. पोचण्यासाठी मी काहीही म्हणायला तयार आहे. खोटं तर खोटं.

"थांबा. आदी तुमी घ्या. पाळक आदी घेतो, मंग मंडळी." त्या तपेलीतून एक मनुका उचलून माझ्या तोंडात घालतात, आजारी पोराला औषध द्यावं तसा. मनुका गोड आहे. त्यात बी आहे. यांनीच राहू दिली.

"आमेन म्हना."

मी तोंड मिटून घेते. बी गालात सरकवते.

"बरं. न्हाई तर न्हाई." त्या जाऊन कठड्याशी पहिल्या गुडघे टेकतात. चष्मा काढून पदराला अडकवतात आणि हात पुढे करतात. जन्मभर मनुके कुस्करून बोटांची टोकं काळपट झालेली आहेत. मी तुकडा ठेवते. "हे ख्रिस्ताचं शरीर, तुझ्यासाठी." माझं लक्ष रांगेच्या टोकाकडे आहे.

"आमेन," हन्नाबाई म्हणतात, आणि रडतात. म्हातारी माणसं रडतात तसं, आवाज न करता, नुसती हनुवटी हलवत. माझी नजर टोकावरून परत येते, मला नको असताना.

पुढं एक आजोबा. डोक्यावरची टोपी काढायला विसरले आहेत. तळव्याला भेगा. मी तुकडा ठेवते, तर ते माझी बोटंच धरतात आणि सोडत नाहीत. "लई वाट बघितली," ते म्हणतात. "आमेन." पुढं एक तरुण बाई, कमरेशी पदर घट्ट आवळलेला. "माझं लेकरू मागंच ऱ्हायलं," ती हलक्या आवाजात सांगते. "त्याचा बाप्तिस्मा करताल ना?" मी हो म्हणते. म्हणजे काय म्हणून बसले मी? उद्या इथं नसणारी बाई हो कशी म्हणते? पण ती 'आमेन' म्हणून उठते आणि तिच्या जागी ऊन उरतं.

मी घाई करते. तुकडे टाकत सुटते. "हळू," मागून हन्नाबाईंचा आवाज येतो. "आमी लई दिस थांबलोय." मग मी हळू होते. हात, हात, हात. मेंदीचे, तंबाखूचे, एक बोट तुटलेला, अंगठी काढून घेतल्याचा पांढरा वळ राहिलेला. वरचा भोंगा कधी बंद झाला ते कळलं नाही. आता माझ्याशिवाय कुणी बोलत नाही.

आणि मग उजवा तळवा, डाव्यावर. रेषांमध्ये खडूची पूड. मनगटावर सलाईनची चिकटपट्टी नाही, काळा-निळा डाग नाही. बोटं जाडजूड, पूर्वीसारखी.

"नाथा."

तो मान वर करत नाही. तिथं कुणीच करत नाही, तशी रीत आहे.

"नाथा, मी आहे, तुझी सुवार्ता. अरे, किती दुपारी हाक मारली तुला! दूधवाल्याकडे जातोस, माझ्याकडे येत नाहीस? काय केलं मी तुझं? मंडळीसमोर गुडघ्यावर बसून मागितलं होतं तुला, सगळ्यांसमोर, लाज सोडून. नाही दिलं देवानं. मग मी त्याच्याशी काय बोलू? तू सांग. तुझ्याशिवाय मी त्या घरात खोकी कशी सोडू?"

तळवा पुढेच आहे.

ताटलीत एकच तुकडा उरला आहे. आणि माझ्या लक्षात येतं. घेतलं की माणसं उठतात. एवढा वेळ मी तेच तर बघते आहे. मी दिलं की तो उठणार. नाही दिलं तर तो इथंच राहील, हात पुढे करून, माझ्यासमोर. मी तुकडा मुठीत घट्ट धरते. मला चालेल. हा फलाट, हे ऊन, हा खाली घातलेला चेहरा, मला जन्मभर चालेल. मी त्याच्यासमोर खाली बसते आणि त्याच्या त्या हट्टी भोवऱ्याकडे बघत राहते. किती वेळ कोण जाणे. त्याचे हात अवघडतात. डाव्या हाताचं कोपर कठड्याला टेकतं, घसरतं, तो पुन्हा सावरतो. त्याला गुडघ्याचा त्रास होता. फार वेळ खाली बसवायचं नाही त्याला. हे मला ठाऊक होतं आणि मी विसरले होते.

"द्या, पाळकसाहेब," मागून हन्नाबाई हळूच म्हणतात.

मी मूठ उघडते. तुकडा चुरगळला आहे. मी तो त्याच्या तळव्यावर ठेवते. "हे ख्रिस्ताचं शरीर," मी म्हणते, आणि आवाज घोषणेचा येत नाही, माझा येतो, फाटलेला, "नाथा, तुझ्यासाठी."

"आमेन," नाथा म्हणतो.

तेवढंच. सकाळी उठल्यावर पहिला चहा मागताना असायचा तसा बसका आवाज. तो उठतो. नेहमीच्या खोडीनं दोन्ही गुडघे झटकतो आणि काळ्या पँटीवर खडूचे पांढरे पंजे उमटवतो. हजारदा ओरडले असेन मी त्यावरून. मी कठडा ओलांडायला पाय उचलते. पण त्याच्या जागी कुणीतरी गुडघे टेकलेही आहेत. अनोळखी. हात पुढे. त्याच्या मागं आणखी एक उभा आहे, त्याच्या मागं आणखी. ताटली रिकामी आहे.

"रिकामी आहे," मी म्हणते.

"मंग आना की," हन्नाबाई म्हणतात.

पंखा बंद आहे. वीज गेली आहे. घामानं पाठ गादीला चिकटली आहे आणि कुणीतरी दार वाजवतं आहे. खिडकीतलं ऊन भिंतीवरून उतरून खोक्यांवर आलं आहे. मी उठून बसते. उशी ओली आहे.

दुपार सरत आली. सकाळी आढावमामांच्या घरून आलेला कपभर चहा सोडला, तर मी आज पाणीसुद्धा प्यायलेले नाही. आणि तोंडात, डाव्या गालाच्या आत, काहीतरी टणक आहे. मी जिभेनं चाचपते. लहान. एका टोकाला निमुळतं. तळहातावर काढून बघते. मनुक्याची बी आहे. मी ती पुन्हा तोंडात ठेवते. दुसरं काय करायचं ते सुचत नाही.

दार पुन्हा वाजतं. मी केस सारखे करून दार उघडते. आढावमामा, धापा टाकत. "पाळकीणबाई, बिशपसाहेबांची गाडी फाट्यावर आलीय. चहा टाकायला हिला पाठवू का?" त्यांची नजर दाराशी ठेवलेल्या बॅगेवर जाते, मग माझ्या डोळ्यांवर.

आता सांगायचं. ठरलेलं वाक्य जिभेवर आहे. बीही जिभेवरच आहे.

"मामा," मी विचारते, "उद्याचा रस कोण करतंय?"

"रस? तो शेळक्याची सून..." ते थांबतात. "का आमची ही?" आणि सकाळसारखाच कपाळावर हात मारतात. "अरे देवा. तो तर हन्नाबाई करायच्या."

"काळे मनुके आणा. बियांचेच मिळतील. बिया मी काढते."

"तुम्ही? तुम्ही कशाला? उद्या तुम्हाला वेदीशी..." ते बॅगेकडे बघतात. मी बॅग उचलून आतल्या खोलीत गादीवर फेकते. ते सुटल्यासारखे हसतात आणि वहाणा फटकारत दुकानाकडे पळतात.

मला प्रार्थना येत नाही, हे अजून खरं आहे. नाथा आता पुन्हा येणार नाही, हेही मला कळलं आहे, आणि ते इतकं दुखतं आहे की उभं राहवत नाही. उद्या सकाळी माझा हात किल्लीवर ठेवला जाईल तेव्हा मी आजच्याइतकीच रिकामी असेन. मी स्वयंपाकघरात जाते. ओट्यावर तपेली तशीच पालथी आहे, काठावर नाव. ती घासायला घेण्याआधी मी गालातली बी दाढेखाली घेऊन चावते. चांगलीच कडू आहे.

"आमेन," मी म्हणते, आणि नळ सोडते.